शेवटच्या ओळीतला माणूस: पीएचपीत फाइल ओळीओळीने वाचताना

(एपिसोडमध्ये जे बोलले तेच इथे लिहून काढलंय. अडखळणं आणि चहाचे घोट तेवढे कापलेत. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी खास.)

००:०० सुरुवात

आजचा एपिसोड मी बजाजनगरच्या घरातून रेकॉर्ड करतेय. मागे मधूनच गाडीचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, सेकंड शिफ्टची बस आहे. वाळूजमध्ये राहायचं म्हणजे घड्याळ बघावं लागत नाही, बस बघितली की वेळ कळते.

आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. पीएचपीमध्ये टेक्स्ट फाइल एक-एक ओळ करून कशी वाचायची? तुमच्यातले काही जण म्हणतील, ताई, हे तर पहिल्या आठवड्यात शिकवतात. बरोबर आहे. मीही बीटेकला तसंच शिकले आणि नोकरीला लागल्यावर तेच चुकवलं. माझ्या त्या चुकीमुळे काही महिने एका माणसाला त्याच्या कष्टाचे पैसे मिळाले नाहीत. म्हणून आज फंक्शनसोबत ती गोष्टही सांगणार आहे.

०१:४० पीएचपीच का?

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. रास्मुस लेरडॉर्फ नावाच्या प्रोग्रामरने १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपेजसाठी काही छोटे प्रोग्राम लिहिले. ऑनलाइन ठेवलेला आपला बायोडाटा कोण-कोण बघून जातं हे त्याला मोजायचं होतं. १९९५ मध्ये त्याने ते सगळ्यांसाठी खुले केले आणि नाव दिलं पर्सनल होम पेज टूल्स. तेच आपलं पीएचपी. आज वर्डप्रेस पीएचपीवर चालतं, विकिपीडियाच्या मागचं मीडियाविकी पीएचपीवर चालतं. आणि एमआयडीसीतल्या कितीतरी छोट्या कंपन्यांची हजेरी, स्टोअर, गेटपास ही कामंसुद्धा कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेल्या पीएचपीवर चालतात.

या कामांमध्ये डेटा कुठून येतो? बहुतेक वेळा टेक्स्ट फाइलमधून. पंचिंग मशीन फाइल देतं, वजनकाटा फाइल देतो, बँक फाइल देते. एका ओळीत एक नोंद. त्यामुळे ओळ नीट वाचता येणं हे या धंद्यातलं रोजचं काम आहे.

०३:०५ पगाराच्या दिवशी स्क्रिप्ट बसली

माझी पहिली नोकरी. एका वेंडर कंपनीचं हजेरी-पगाराचं काम आमच्याकडे होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, गरजही नाही. कामगार ४१२, बरेचसे ठेकेदाराकडचे. रोज आत येताना एक पंच, बाहेर जाताना एक पंच, आणि प्रत्येक पंच म्हणजे फाइलमध्ये एक ओळ: टोकन नंबर, तारीख, वेळ, गेट. फाइल कुणी कधी रिकामी केलीच नव्हती. चार वर्षं साठत होती.

एका पगाराच्या दिवशी स्क्रिप्ट बंद पडली. स्क्रीनवर आलं: अलाउड मेमरी साइज ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड. हा भलामोठा आकडा पाठ असलेले बरेच लोक आहेत. तो म्हणजे १२८ एमबी, एका स्क्रिप्टला मिळणारी पीएचपीची नेहमीची मर्यादा.

मी फाइलचा आकार बघितला. ४० एमबी. म्हटलं, चाळीस कुठे आणि एकशे अठ्ठावीस कुठे? मग मेमरी संपली कशी?

कारण स्क्रिप्टमध्ये वापरलं होतं फाइल नावाचं फंक्शन. हे फंक्शन सगळी फाइल एका दमात उचलतं, तिचे ओळीओळीचे तुकडे करतं आणि सगळे तुकडे एका अ‍ॅरेत भरून तुमच्या हातात देतं. वापरायला एकदम सोपं. पण प्रत्येक ओळ आता वेगळी स्ट्रिंग झाली, आणि प्रत्येक स्ट्रिंगसोबत पीएचपीला आपली टाचणं ठेवावी लागतात: लांबी किती, कोण-कोण ती वापरतंय, अ‍ॅरेत जागा कुठली. चाळीस-बेचाळीस अक्षरांच्या छोट्या ओळी असल्या की मालापेक्षा खोकं मोठं होतं. शिवाय तुकडे पाडेपर्यंत अख्खी फाइलही मेमरीतच बसलेली. माझ्या ४० एमबीने १२८ ची मर्यादा अशी ओलांडली.

शेजारचा सीनियर म्हणाला, "लिमिट २५६ कर आणि मोकळी हो." केलं. पगार निघाला. पण फाइल तर रोज वाढतच होती. आज २५६, उद्या ५१२, हे कुठवर?

०५:५० छोट्या पंढरपुरातली बारी

इथे एक चित्र डोळ्यांपुढे आणा. आपल्या वाळूजमध्ये नगर रोडला पंढरपूर आहे. बाहेरचे लोक त्याला छोटं पंढरपूर म्हणतात. आषाढी एकादशीला शहरातून, आजूबाजूच्या गावांतून दिंड्या इथे येतात. पाय ठेवायला जागा नसते.

आता गाभारा केवढा? पाच-सात माणसं उभी राहिली की भरला. तरी दिवसभरात एवढ्या सगळ्यांचं दर्शन होतं. कसं? बारी असते म्हणून. एक माउली आत, दर्शन, बाहेर. मग पुढची. गाभाऱ्याला गर्दीएवढं मोठं व्हावं लागत नाही.

फाइल फंक्शन म्हणजे सगळ्या गर्दीला एकदम गाभाऱ्यात घेणं. आणि एफ-गेट्स म्हणजे दर्शनबारी. एक ओळ आत घ्या, तिचं काम करा, सोडून द्या, पुढची घ्या. फाइल ४० एमबीची असो नाही तर ४ जीबीची, मेमरीत एका वेळी एकच ओळ.

पायऱ्या फक्त चार:

१. एफ-ओपनने फाइल उघडा, मोड द्या आर, म्हणजे फक्त वाचायला. हातात येतो हँडल. जुन्या खतावणीत ओळीखाली पट्टी धरून वाचायचे ना, तशी ही पट्टी. आपण कुठपर्यंत आलो हे ती लक्षात ठेवते.

२. फाइल खरंच उघडली का ते तपासा. फाइलच सापडली नाही तर एफ-ओपन फॉल्स देतं. तो न बघता पुढे गेलात तर पीएचपी ८ तुम्हाला टाइप एररने तिथेच थांबवेल. जुन्या पीएचपीत काही लूप अशा वेळी कायमचे फिरत बसायचे.

३. व्हाइल लूपमध्ये एफ-गेट्स बोलवा. प्रत्येक वेळी पुढची ओळ मिळेल. ओळी संपल्या की फॉल्स मिळेल.

४. लूप संपला की एफ-क्लोज.

एक प्रश्न हमखास येतो. ओळीओळीने म्हणजे प्रत्येक ओळीसाठी डिस्कवर चक्कर, मग हे हळू नाही का होणार? नाही होत. पीएचपी आतल्या आत ८१९२ बाइट्सचा एक घास घेतं आणि त्यातून तुम्हाला ओळी काढून देतं. चक्कर घासामागे एक, ओळीमागे नाही.

०८:३० लूपची अट: इथे लक्ष द्या

तिसऱ्या पायरीत दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा. बरेच जण लिहितात: जोपर्यंत एफ-ई-ओ-एफ नाही तोपर्यंत फिर, आणि आत एफ-गेट्स. वाचायला मस्त वाटतं, "फाइल संपेपर्यंत". पण फाइल संपली हे अनेकदा पुढची ओळ मागून हात रिकामा आल्यावरच कळतं. म्हणून शेवटी एक फेरी जास्त होते आणि त्या फेरीत ओळीच्या जागी फॉल्स असतो. हजेरीत मग एक बिननावाचा, बिनटोकनाचा कामगार उगवतो.

दुसरा खड्डा. काही जण थेट लिहितात: व्हाइल, लाइन बरोबर एफ-गेट्स. काही मिळालं की खरं, नाही मिळालं की खोटं. पण पीएचपीत शून्य हे एकच अक्षर असलेली स्ट्रिंगही खोटी धरली जाते. शेवटच्या ओळीत नुसता शून्य असेल आणि त्यापुढे एंटर नसेल, तर ती ओळ गायब. रिकाम्या ओळीचं असं होत नाही, कारण तिच्यात निदान एंटर तरी असतो.

म्हणून अट नेहमी पूर्ण लिहा: एफ-गेट्सने दिलेलं काटेकोरपणे फॉल्स नाही तोपर्यंत. म्हणजे उद्गारचिन्ह आणि पुढे दोन बरोबरची चिन्हं. टाइप करायला दोन सेकंद जास्त लागतात, बस.

दोन्ही खड्डे कुठे आहेत बघा. फाइलच्या टोकाला. मधल्या हजारो ओळी कुणीही बरोबर वाचतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी तिसऱ्या खड्ड्यात पडले आणि तोही टोकालाच होता.

१०:४५ "मॅडम, माझा ओटी लागत नाही"

तर मी फाइल फंक्शन काढलं, एफ-गेट्स लावलं. मेमरी अगदी जमिनीवर आली. मी खूश. इतकी खूश की तेच वाचायचं फंक्शन मी सगळीकडे लावून टाकलं, महिन्याच्या ओव्हरटाइमच्या फाइललाही. ती फाइल छोटी होती: एका कामगाराची एक ओळ, टोकन, नाव आणि शेवटी महिन्याची ओव्हरटाइमची मिनिटं. टोकन नंबरच्या क्रमाने.

आता एक बारीक फरक. फाइल फंक्शनला मी एक पर्याय दिला होता, की ओळीच्या शेवटची एंटरची खूण तूच काढून टाक. एफ-गेट्स तसं करत नाही. ते खुणेसकट ओळ देतं. फाइल विंडोजवरून यायची, आणि विंडोजमध्ये ही खूण दोन अक्षरांची असते, कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन. मी विचार केला, सोपं आहे. प्रत्येक ओळीची शेवटची दोन अक्षरं कापून टाकू.

चार-पाच ओळींवर तपासलं. बरोबर. पगार निघाला. कुठेही एरर नाही.

पाचेक महिन्यांनी मी त्या कंपनीच्या टाइम ऑफिसात बसले होते, दुसऱ्याच कामासाठी. खिडकीशी एक मुलगा आला. नवीन भरती, परभणीकडचा. म्हणाला, "मॅडम, माझा ओटी लागत नाही." टाइम ऑफिसमधले काका माझ्या आधीच बोलले, "अरे नवीन आहेस ना, नवीन माणसाचा पहिल्या महिन्यात लागत नाही. पुढच्या भरतीनंतर लागेल आपोआप."

मी विचारलं, "काका, असा नियम आहे?"

"नियम नाही. पण असंच होतंय. त्याच्या आधीच्या पोराचंही तसंच झालं. हा आला आणि त्याचा लागायला लागला."

हे ऐकलं आणि पोटात गोळा आला. नवीन माणूस म्हणजे सगळ्यात मोठा टोकन नंबर. सगळ्यात मोठा टोकन म्हणजे फाइलमधली शेवटची ओळ.

१३:२० शेवटच्या ओळीला एंटर नसतो

तिथेच लॅपटॉप उघडला. लिनक्समध्ये ओळी मोजायची डब्ल्यूसी नावाची कमांड आहे. ती फाइलवर चालवली. कामगार ४१२, आणि उत्तर आलं ४११.

डब्ल्यूसी चुकत नव्हतं. ते न्यूलाइनच्या खुणा मोजतं, आणि शेवटच्या ओळीला खूणच नव्हती. हजेरीचं सॉफ्टवेअर दोन ओळींच्या मध्ये एंटर टाकायचं, शेवटच्या ओळीनंतर नाही. अशा फाइली जगात ढिगाने आहेत. यात बेकायदा काही नाही.

आता माझी कात्री बघा. सगळ्या ओळींची शेवटची दोन अक्षरं म्हणजे एंटरची खूण. शेवटच्या ओळीची शेवटची दोन अक्षरं म्हणजे त्या मुलाचे आकडे! त्याने महिन्यात ओव्हरटाइम केला होता १४४० मिनिटं, म्हणजे पूर्ण २४ तास. माझ्या स्क्रिप्टने वाचलं १४. पुढे पगाराचा हिशोब पूर्ण अर्ध्या तासांत व्हायचा. १४ मिनिटं अर्ध्या तासात बसत नाहीत. म्हणजे शून्य.

स्क्रिप्ट बंद पडली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. १४४० च्या जागी अगम्य चिन्हं आली असती तरी कुणीतरी ओरडलं असतं. पण शून्य ओव्हरटाइम हे अगदी खरं वाटणारं उत्तर आहे. केला नसेल त्याने, एवढाच अर्थ निघतो. आणि चूक एकाच माणसाला चिकटून राहत नव्हती. नवीन कुणी आला की त्याच्यावर जायची आणि आधीचा सुटायचा. त्यामुळे शॉपवर तिची रीतच पडून गेली: नवीन माणसाचा लागत नाही. माझ्या दोन अक्षरांच्या कात्रीने अख्ख्या कंपनीत एक नियम तयार केला होता, आणि सगळ्यांनी तो मानलाही होता.

ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यायचा हे १९४८ च्या कारखाने अधिनियमात लिहिलेलं होतं. घरभाडं, मेस, गावाकडे पाठवायचे पैसे हे सगळं पोरं त्या ओटीच्या भरवशावर जुळवतात. नवीन पोराला तर पहिला पगारच सगळ्यात जास्त लागतो.

दुरुस्ती एका ओळीची होती. मोजून कापण्याऐवजी आर-ट्रिम वापरायचं, आणि त्याला सांगायचं की उजवीकडे कॅरेज रिटर्न किंवा न्यूलाइन असेल तरच काढ. असेल तर जाईल, नसेल तर आकड्याला हात लागणार नाही. नुसतं ट्रिम लिहू नका हं, ते स्पेस आणि टॅबही उडवतं. टॅबने वेगळ्या केलेल्या फाइलमध्ये शेवटचे रकाने रिकामे असतील तर तेही जातात.

१६:१० पहिल्या ओळीचं दुखणं, आणि आपली मराठी

शेवटच्या ओळीबद्दल एवढं बोललो, तर पहिलीबद्दलही दोन शब्द. विंडोजमधून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेल्या काही फाइलींच्या अगदी सुरुवातीला तीन बाइट्सची एक न दिसणारी खूण असते. तिला बॉम म्हणतात. पहिल्या ओळीत टोकन १०१ दिसतंय, पण तुलना केली तर जुळत नाही. डोक्याला हात लावून बसायच्या आधी पहिले तीन बाइट्स तपासा, खूण असेल तर काढा.

आता मराठी. आपलं प्रत्येक देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्स घेतं. "वाळूज" शब्द घ्या: व, काना, ळ, दीर्घ उकार, ज. पाच चिन्हं, १५ बाइट्स. स्ट्र-लेन १५ सांगेल, एमबी-स्ट्र-लेन ५ सांगेल. आणि शाळेतल्या पोराला विचारलंत तर तो म्हणेल तीन अक्षरं, वा-ळू-ज. तिघंही आपापल्या जागी बरोबर.

मग ओळीओळीने वाचताना मराठी अक्षर मध्येच तुटेल का? नाही. न्यूलाइनचा बाइट म्हणजे १०, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे सगळे बाइट्स १२८ किंवा त्याच्या वर असतात. त्यामुळे मराठी अक्षराच्या पोटात न्यूलाइन लपूच शकत नाही. पण एफ-रीडने ठरावीक बाइट्सचे तुकडे घेतले, किंवा एफ-गेट्सला लांबीची मर्यादा घातली, तर अक्षर मधोमध कापलं जाऊ शकतं. दहा बाइट्स मागितले तर तीन चिन्हं पूर्ण आणि चौथ्याचा एक तृतीयांश. मग नावाच्या शेवटी तो प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन. मराठी मजकुरासाठी ओळ हीच कापायची सुरक्षित जागा.

फाइल यूटीएफ-१६ मध्ये असेल तर मात्र हे गणित लागू नाही, आधी ती बदलून घ्या.

१८:४० दोन टिपा पटकन

एक: सीएसव्ही फाइल असेल तर एफ-गेट्स नको, एफ-गेट-सीएसव्ही वापरा. पत्त्याच्या रकान्यात कुणी एंटर मारला असेल तर एक नोंद दोन ओळींत पसरते. अवतरणचिन्हांच्या आत असेल तर एफ-गेट-सीएसव्हीला ते कळतं.

दोन: हेच वाचन वारंवार लागत असेल तर यील्ड वापरून जनरेटर लिहा. पीएचपी ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून ही सोय आहे. बाहेरून फॉर-ईच फिरवा, आतून एकेक ओळ येत राहते. पण माझ्यासारखं करू नका. एकच फंक्शन सगळीकडे लावायचं असेल तर त्याची तपासणीही सगळीकडची हवी.

१९:५० शेवट आणि गृहपाठ

तपासणी म्हणजे काय, तर हा तुमचा गृहपाठ. पाच छोट्या फाइली बनवा. एकीच्या शेवटी एंटर आहे. दुसरीच्या शेवटी नाही. तिसरी पूर्ण रिकामी. चौथीच्या शेवटच्या ओळीत नुसता शून्य, एंटरशिवाय. पाचवीच्या सुरुवातीला बॉम. तुमची स्क्रिप्ट पाचही फाइलींवर चालवा आणि आलेल्या ओळी मोजा. दहा मिनिटांचं काम आहे. मला ते करायला पाच महिने लागले.

त्या पाच महिन्यांचा हिशोब आम्ही पुन्हा काढला. तीन मुलांचं नुकसान झालं होतं. मी मेल लिहिला, चूक माझी आहे असं स्वच्छ लिहिलं, आकडे जोडले. दोघांना पुढच्या पगारात फरक मिळाला. तिसरा तोवर काम सोडून गावी गेला होता. दोन महिने ओटी लागला नाही म्हणून गेला असं काका म्हणाले. दिलेला नंबर बंद येत होता. त्याच्या फरकाचा आकडा मी वहीत लिहून ठेवलाय, टोकन नंबरसकट.

तेव्हापासून कुठलीही फाइल आली की मी आधी कंट्रोल दाबून एंड दाबते आणि शेवटची ओळ बघते. तिथे कुणीतरी नवीन उभा असतो.

चला, भेटू पुढच्या एपिसोडात. काळजी घ्या.